सासूबाईंनी बदललेली फरशी

सासूबाईंना म्युझियममध्ये नेऊ नये, हे मी अनुभवाने सांगते. आम्ही जर्मनीत म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला राहायचो, तेव्हा दिवाळीच्या तोंडावर त्यांना म्युनिकला पेरानाकन प्रदर्शन दाखवलं. पेरानाकन म्हणजे मलायात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले चिनी. त्यांच्या मण्यांच्या चपला, रेशमी कपडे सोडून सासूबाई चिकटल्या फरश्यांपाशी. गुलाबी फुलं, पोपटी पानं, सगळं तिकिटाच्या मागे उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या दाराबाहेर त्याच फरश्या! होती रांगोळीच, पण कडा पट्टीने आखलेल्या. तेवढ्यात बिल्डिंगची देखभाल करणारा हाउसमाइस्टर जिना चढून आला आणि जागीच थबकला. "मालकाच्या लेखी परवानगीशिवाय फरशी बदललीत?"

"काय म्हणतोय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"अहो आई, त्याला ती खरी फरशी वाटतेय."

त्या फुलून गेल्या. "अगंबाई! चकली दे त्याला."

त्याने वाकून बोट फिरवलं. बोट गुलाबी झालं. "आणि पक्कीसुद्धा नाही! असलं भिकार काम केलं कोणी?"

"आता काय म्हणाला?"

"कारागिराचं नाव विचारतोय."

"मग सांग की माझं! लाजतेस काय?"