जन्मतारखेचा रकाना

नाही, नाही काका, ती तारीख खोडू नका — पासपोर्टवर आहे तीच राहू द्या. मुलगा खरा वर्षाने लहान आहे, शाळेत घालताना मास्तरांनी वय वाढवून लावलं — ऐकलं मी मघाशी. आपल्यात कुणाचं वाढवलेलं नसतं? हसा, हसा, मीही हसायचो. पण अर्जात पासपोर्टची तारीख जाते, आणि खुलाशाचं पत्र मागाहून जोडता येतं. कुठे लिहिलंय? नियमावलीत, पान एकोणीस. मी इथल्या विद्यापीठात शिकतो, आणि दर मंगळवारी या टेबलाशी बसून आपल्याकडून या देशात नवीन आलेल्यांचे अर्ज भरून देतो — दोन वर्षांत माझ्या हातून एकही अर्ज चुकीचा गेलेला नाही. गेलेला नाही, एवढंच म्हणतोय मी.

याच खुर्चीत एक बाई बसायच्या. इस्पितळात चादरी धुण्याच्या कामाला होत्या. मुलगी तिकडे मावशीकडे — तीही अशीच वर्षाने वाढवलेली. अठरा पूर्ण व्हायच्या आत अर्ज गेला तर मूल आई-बापापाशी येतं, एरवी नाही, तुमचंही तेच. कागदावर चार महिने उरले होते. बाई म्हणाल्या, "भाऊ, आहे तसा लावून टाका." मी म्हणालो, ताई, खोट्या तारखेखाली सही कशी करता? आधी तिकडून दुरुस्ती करून आणा, मग निर्धास्त. काय तो शहाणपणा! दुरुस्तीचा कागद यायला पाच महिने लागले. इथले साहेब म्हणाले, अठरा उलटल्यावर वय कमी करून आणलंत, असं कुणीही आणील; अर्ज नामंजूर. झालं. खरी तारीख होती हो, तीच खोटी ठरली.

पत्र मागाहून जोडता येतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं — नाही, थांबा. ठाऊक होतं. पान एकोणीसवर माझीच पेन्सिलीची खूण आहे. मला खोडाखोड नसलेली फाइल हवी होती — दुसरं काय?

बाईंनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, "तुम्ही तरी काय करणार, भाऊ." आणि मुलीला काही सांगितलंच नाही. तिच्याकडे माझा नंबर आहे. दर मंगळवारी फोनवर तिचा बोललेला निरोप येतो — "मामा, आमची फाइल कुठवर आली?" मामा म्हणते मला! मागे भांडी वाजत असतात, कुणीतरी तिला हाका मारत असतं. गेल्या खेपेला म्हणाली, थंडीचे कपडे घेऊन ठेवलेत. आणि मी, एका तारखेसाठी अडून बसलेला माणूस, दर वेळी लिहितो — 'काम चालू आहे.' बाई आता येत नाहीत. रस्त्यात दिसल्या तर मीच पलीकडून जातो. तरी मंगळवारी हे दार वाजलं की आधी त्यांच्याच चपला ऐकू येतात — आत्ता, तुम्ही आलात तेव्हासुद्धा.

काय? पुन्हा एकदा तपासून उद्या देता? काका, तुमच्या मुलाचे सहा दिवस उरलेत, सहा! उद्या नाही. सही करा. इथे. वाकडी आली तरी सही ती सहीच. तिसरी खिडकी, चारला बंद होते. पोचेवर शिक्का मारून घ्या आणि तसेच घरी जा. मला दाखवायला आणू नका — मी काहीतरी चूक शोधून काढीन. उठा. उठा ना!