भिंतीला ताप

हॅलो? वहिनी, मीच पुन्हा… नाही, पिल्लूला देऊ नकोस. आत्ता ती काय म्हणाली, ऐकलंस?… मामाच्या वर्कशॉपच्या भिंतीला ताप आलाय… हसू नकोस गं. आमच्या भिंतीबद्दलही ती असंच म्हणाली होती. मीपण हसले होते. जा, औषध पाज तिला, म्हटलं होतं… हो, त्याच आठवड्यात.

नाही, रडत नाहीये. ऐक ना. तुमच्याकडची वायर पिल्लूच्या बाबानेच ओढलीय ना? दोघं मेहुणे मिळून… हो, आमच्याकडे उरलेल्या बंडलातली. वहिनी, ती दीड एमएमची आहे. दिव्या-पंख्यांची वायर. रंध्याच्या मशीनला, वर तो भुसा ओढायचा पंखा आणि हीटर, चारची तरी लागते… मला कसं कळलं? नवरा गेल्यापासून दुसरं वाचतेय काय मी.

आणि बोर्डातला एमसीबीचा खटका?… पडायचा, आता पडत नाही? मोठा बसवलाय?… अगं, तिथेच चुकलं. तो वायर बघून बसवायचा असतो. वायर तीच ठेवून मोठा बसवला की तो पडत नाही, वायर तापत राहते… हो, हो, आमच्याकडेही तेच. प्लायवूडच्या मागे तापत राहिली, मग भुशाने पेट घेतला. मी बाहेरून जेवायला हाका मारतेय. वाटलं, नेहमीसारखं कानांवर काहीतरी चढवून बसलाय…

काय? दादा हात लावू देणार नाही?… त्याच्या हातचं तेवढंच राहिलंय, म्हणतो?

वहिनी, माझ्याकडे काय राहिलंय मग? पिल्लूच्या पलंगाचे तीन पाय. चौथा मशीनवरच होता… दादाला सांग, ती वायर उपटून टाक. मी सांगतेय. ज्याने ओढली त्याला राग नाही येणार.

मागे घरघर येतेय ती मशीनचीच ना?… म्हणजे दादा आत आहे? आणि पिल्लू?… तुझ्याजवळ. बरं. तिचा हात सोडू नकोस. आधी मेन स्विच बंद कर… चहा राहू दे गं, आत्ता कर…

थांब. घरघर थांबली. तू बंद केलास?… नाही?

वहिनी, फोन राहू दे. पिल्लूला अंगणात उभं कर आणि दादाला हाक मार… ओ देत नसेल तर आत जा. जाऊन बघ ना गं त्याला.