मेघाच्या देशातलं व्याज

पुलगावच्या बसस्टँडवर अपेक्षा आर्वीच्या गाडीची वाट पाहत होती. मागच्या बाकावर रामाजी मोबाइलवर देशोदेशीचे व्याजदर बायकोला वाचून दाखवत होते. निवृत्तीचे पैसे कुठंतरी ठेवायचे होते.

“तुर्कस्तानात ऑनलाइन खात्यावर चाळीस टक्के भेटून राह्यले, कमल.”

“तिकडं कोन हाये आपलं?”

“कोनी नाई. आपल्या इथं सात.”

“अन् मेघाच्या जपानात?”

“अर्धा टक्काबी नाई.”

“मंग तिथंच ठेवा.”

“काऊन वं? पैसा तिथं वाढत नाई, नुसता झोपून राह्यते.”

“झोपू द्या. पोरगी एकटी हाये. तिच्या उशाशी आपलं काही तं राहीन.”

आर्वीची गाडी लागली. अपेक्षा उठली नाही.

मोबाइल बायकोच्या हातात देत रामाजी म्हणाले, “तिले फोन लाव. खातं कसं उघडते, इचार.”