केचप, लिची आणि आजींची दाढ

दाताच्या दवाखान्यातून दोनदा पळालेला रंगारी आज पुन्हा गाल धरून बसला होता. शेजारी पेन्सिल आणि शब्दकोडं घेतलेले आजोबा आणि दाढ काढायला आलेल्या आजी.

"अहो, घरी जाऊ. दुखायची थांबली."

"बस गं. हे सांग आधी. तीन अक्षरी, इंग्रजांनी चिन्यांकडून उचललेला शब्द. बाटली आपटली तरी निघत नाही, निघाला तर ताटभर. डांबर?"

"डांबर खातात का?"

"तुझ्या हातची भाजी खातोच की."

"केचप हो, केचप! लिहा."

"आता दोन अक्षरी. हाही तिकडचाच. लाल साल, पांढरा गर, काळं बी. डोळा?"

रंगाऱ्याला राहवेना. "आजोबा, मुळा घाला."

"तुम्ही गप्प बसा! लिची आहे ती, लिची! दोघेही दिवटे!"

"आजी, चला आत," नर्सनं हाक मारली.

आजी तरातरा दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"अहो, सकाळी चहात खोडरबराचा चुरा कुठून आला, ते कळलं हं मला. सोडवलेलं कोडं खोडून आणलंत!"

दार लागलं. आजोबा पेन्सिल चावत दाराकडे बघत राहिले.

रंगारी हळूच सरकून जवळ बसला.

"आजोबा, पुढचा नंबर माझा आहे. मलाही एखादं विचारा ना."