चाकाखालचं लिंबू

मंडळी, जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची झाली तर कोणती घ्याल? इंजिन उतरवून नव्यानं बांधलेली, की फारशी न पळालेली?

हसा, हसा! प्रश्न माझा नाही. त्या खांबाआड ओढणीत तोंड लपवून बसल्यात ना, त्या माझ्या मैत्रिणींचा आहे. पैज लावली होती — "कपाळाला बुक्का लावून, देवळात, भर कीर्तनात हे विचारून दाखव!" विचारलं! आता उद्याचा डबा तुमचा, खाणार मी!

पण खरं सांगू? प्रश्न वाईट नाही. मोडून जोडलेल्यावर भरवसा ठेवावा, की वापरलंच नाही त्याच्यावर? हे माझं मनगट बघा. गेल्या वर्षी दोरीच्या मल्लखांबावरून पडले — कटकन मोडलं. डॉक्टरांनी जोडलं, आज त्याच हातात चिपळ्या आहेत! पण तेव्हापासून घरात मी म्हणजे लोणच्याची बरणी. तोंडाला फडकं बांधून वरच्या फळीवर! मल्लखांबाचं नाव काढायचं नाही. आई-बाबा पहिल्याच रांगेत आहेत, म्हणून जास्त बोलत नाही. आख्यान ऐका!

कोल्हापुरात एक माळकर बाई होत्या. ड्रायव्हिंग स्कूल चालवायच्या. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली. पण बसायच्या कुठं? डाव्या सीटवर! पायाखाली जादाचा ब्रेक. शिकणाऱ्यानं म्हैस बघितली की तो डोळे मिटायचा आणि बाई ब्रेक दाबायच्या. सारा जन्म दुसऱ्याच्या भीतीवर पाय ठेवण्यात गेला! स्टिअरिंग आपल्या हातात, समोर मोकळा घाट — हे कधी घडलंच नाही.

स्कूल बंद केलं त्या संध्याकाळी बाई नवऱ्याला म्हणाल्या, "नाना, मला दोन सीटची, वाऱ्यासारखी पळणारी गाडी हवी. गगनबावड्याचा घाट एकदा माझ्या मनासारखा चढायचाय."

"अगं, या वयात?"

"वय गाडीचं बघायचं. माझं कशाला बघताय?"

नाना चपला शोधायला लागले! (तबलजीकाका, तुम्ही का मान डोलावताय?)

पण मंडळी, साठवलेलं सगळं एका गाडीत जाणार होतं. चूक झाली तर दुसरी संधी नाही. आणि गावात गाड्या होत्या दोन.

पहिली पिवळी, इर्शाद मिस्त्रींच्या गॅरेजात. ती एकदा उसाच्या फडात घुसली होती, इंजिन जाम झालेलं. मिस्त्रींनी सगळं खोलून पुन्हा बांधलं. बाई नानांना घेऊन गेल्या, तर मिस्त्रींनी आधी काढलेल्या भागांची परात पुढं ठेवली. तडकलेलं, झिजलेलं, वाकलेलं सगळं!

"हे काय दाखवतोस रे?" नाना दचकले.

"मुलगी दाखवताना खोट लपवू नये, नाना. हे सगळं मोडलं होतं. आता जे आहे ते नवं."

"बघितलंस?" नाना बाईंच्या कानात, "मोडकी आहे! चल सरनाईकांकडं."

सरनाईक म्हणजे मोठे कारखानदार. त्यांच्या बंगल्यात लाल गाडी — अहाहा! मखमली आच्छादन दूर केलं आणि नाना हातच जोडून उभे राहिले. ओरखडा नाही, डाग नाही. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, काचेशी वाळलेली आपट्याची पानं.

"एवढी कमी कशी पळाली?" बाईंनी विचारलं.

"जपली!" सरनाईक अभिमानानं म्हणाले. "दर दसऱ्याला पूजा करतो. हार घालतो, नारळ फोडतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, गाडी हातभर पुढं घेतो. झालं!"

बाई खाली वाकल्या. पुढच्या चाकाशी एक लिंबू होतं. वाळून सुपारीएवढं झालेलं... पण अख्खं!

"हे चिरडलं नाही?"

सरनाईक चाचरले. "या खेपेला... गाडी हललीच नाही. ढकलली, तरी नाही. मग नमस्कार केला आणि पांघरूण घातलं."

हलणार कशी? उभ्या उभ्या ब्रेक चिकटलेले! टायरांना टाचेसारख्या भेगा! बाई आत बसल्या, ब्रेकवर पाय ठेवला. मंडळी, तीस वर्षं ज्या पायानं गावाला वाचवलं, त्या पायाला लगेच कळलं! पण बाईंना गाडीचा राग आला नाही. त्यांनी सरनाईकांकडं पाहिलं.

"शेठ, खरं सांगा. तुम्हाला चालवायची भीती वाटते ना?"

एवढा मोठा माणूस — डोळे भरून आले. "वडील म्हणायचे, तू आपटशील. घेतली हौसेनं; पण फाटकाबाहेर नेण्याचं धाडसच झालं नाही, बाई."

बाईंनी लिंबू उचलून त्यांच्या हातात दिलं. "मग ही विकू नका. टायर, ब्रेक नवे घाला. मी डाव्या सीटवर बसते. तुम्ही चालवा!"

आणि स्वतः घेतली पिवळी!

घाटात काय मजा सांगू! पहिल्या वळणाला नाना दोन्ही पाय आपटून ओरडले, "ब्रेक! ब्रेक!"

बाई खदखदून हसल्या. "नाना, तिथं ब्रेक नाही हो! हाताची घडी घाला आणि दरी बघा!"

पुढच्या दसऱ्याला लाल गाडी फाटकाबाहेर आली. डावीकडं बाई, उजवीकडं घामाघूम सरनाईक. चाकाखालचं लिंबू पचकन फुटलं, आणि रस हो — रस रस्त्यावर उडाला!

आता सांगा मंडळी, कपाटात घडी न मोडलेली पैठणी कुणाकडं आहे? गाणं येत असून बाथरूमबाहेर न गायलेलं कोण आहे? देवानं दिलेल्या देहाची नुसती पूजा करताय, का त्याला चार पावलं चालवताय? मोडेल म्हणून जपायचं? अहो, मोडलं तर जोडणारे आहेत. जपून जपून चिकटलं, त्याचं काय करायचं?

आई, बाबा, चिपळ्या खाली ठेवून सांगते, म्हणजे गाण्यात सांगितलं असं होणार नाही. डॉक्टर हो म्हणालेत, मल्लखांबाचे सर खाली गादी घालणार आहेत. सोमवारपासून मी दोरीवर चढणार आहे. तुम्ही दोघांनी यायचं. खाली उभं राहायचं. आणि भीती वाटली की ब्रेक दाबायचा — पाय आपटून, हवा तेवढा!