एकोणीस मिनिटांचं बाकडं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या थिएटरचे सर्वेसर्वा, आपले धाकटे मालक. खुर्च्या कमी पडल्या म्हणून मोठ्या मनाने लाकडी बाकड्यावर बसलेले वितरक कंपनीचे साहेब. वर्तमानपत्राकडून आलेल्या बातमीदार ताई. वर मशीनपाशी अडकलेले आमचे ऑपरेटर काका. दारावरचे आमचे पहिलवान, ज्यांना हे नाव कुणी आणि का दिलं ते त्यांच्या मनगटाकडे बघून आजवर मला कळलेलं नाही. माझी सूनबाई, आणि जमलेल्या माझ्या सगळ्या माणसांनो, नमस्कार. आत बाराचा खेळ चालू आहे, तेव्हा टाळ्या जरा बेतानेच वाजवा.

एकतीस वर्षं मी त्या समोरच्या तिकीट खिडकीत बसले, आज तिथून उठतेय. थोरल्या मालकांनी मला तिथे बसवलं तेव्हा खिडकी थोडी वर घ्या म्हणून मी विनंती केली होती. ते म्हणाले, बघू. अजून बघतायत. तर त्या बुटक्या खिडकीतून मोठ्या माणसांची फक्त पोटं दिसतात. रस्त्यात कितीतरी गृहस्थ मला हसून नमस्कार करतात आणि मी गोंधळते. सदऱ्याची बटणं दाखवलीत तर चटकन ओळखेन. चेहरे मला दिसले ते फक्त लहान मुलांचे. अगदी समोरासमोर, काचेला नाक लावलेले. माझं जे काही शिक्षण झालं, ते तिथेच झालं.

मालकांनी आत्ता माझं तोंडभर कौतुक केलं, भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. मी मनापासून आभारी आहे. पण कालचं एक बोलणं त्यांनी आपल्या भाषणात सांगितलं नाही, ते मी सांगते. काल ते खिडकीशी आले, वाकले, म्हणजे चक्क चेहरा दिसला, आणि म्हणाले, "मावशी, उद्या बातमीदार येतायत. दोन शब्द चांगले बोला. काचेवरचा तो कागद गैरसमजातून लागला होता, सिनेमा घरातल्या लहानथोरांनी मिळून बघावा असाच आहे, एवढं सांगून टाका. मग तुमच्या सूनबाईंचं या खिडकीतलं काम पक्कं समजा." मालक, संकोचू नका. तुम्ही प्रेमानेच म्हणालात. मी फक्त जरा मोठ्याने सांगतेय.

आता ज्यांना कागदाची भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी. सिनेमा किल्ल्याच्या वेढ्याचा आहे, आपल्या इतिहासातला. लागला तो रविवार. रांग पार चौकापर्यंत. एक मुलगी खिडकीशी आली, सहा वर्षांची असेल, पुढचे दोन दात पडलेले. मला विचारते, "मावशी, यात घोडे आहेत ना?" मी म्हटलं, "घोडे? अगं, शंभर आहेत!" आणि तिकिटं दिली. सिनेमा मी बघितला नव्हता. पोस्टरवर घोडे होते, त्यावरून ठोकून दिलं. एकतीस वर्षांत मी खिडकीतून बऱ्याच थापा मारल्या असतील, पण ही माझ्या जिवाला लागली.

कारण खेळ संपत आला होता तेव्हा बाजूचं दार उघडलं आणि तीच मुलगी एकटी बाहेर आली. दोन्ही कान हातांनी गच्च दाबलेले. माझ्या तिकिटांच्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "संपलं का?" मी म्हटलं, "नाही गं." तर म्हणते, "ते घोड्यांना पण मारतायत. तू सांगितलं नाहीस." रडली नाही हो. रडली असती तर मी तिला जवळ तरी घेतलं असतं. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग वडील आले, चिडलेले. "शेवट चुकला हिच्यामुळे! इतिहास बघायला नको यांना. अशी कशी शूर होणार तू?" मी त्यांच्याही पोटाकडेच बघत होते. मान वर करायचं धाडस मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी आत जाऊन बसले, मांडीवर मनगटी घड्याळ ठेवून. सिनेमा चांगला आहे, साहेब. लढाया बघताना मीही पुढे सरकून बसले. किल्लेदाराची बायको दरवाजा लावून घेते तिथे माझे डोळे भरून आले. पण वेढा फुटल्यावर कैद्यांना एकेक करून जे मारतात, ते किती वेळ चालतं? एकोणीस मिनिटं. मी मोजली आहेत. त्या एकोणीस मिनिटांत शौर्य कुठे आहे ते मला कुणी दाखवावं.

मग मी कागद लिहिला. "घोडे आहेत. पण शेवटची एकोणीस मिनिटं लहान मुलांनी बघण्यासारखी नाहीत. बाहेर बाकडं आहे. मी आहे." आणि घरून बाकडं आणलं. पहिलवानांनी आणि मी धरून आणलं. पहिलवान दोनदा टेकले, मी एकदाच. पुढच्या रविवारी त्यावर अकरा मुलं होती, आणि तीन मोठी माणसं, जी मुलांना सोबत म्हणून आली होती असं ती म्हणत होती. ऑपरेटर काकांना मी काहीच सांगितलं नव्हतं. पण खेळ संपताना दारं उघडायला ते जी घंटी देतात ना, ती त्या दिवसापासून ते एकोणीस मिनिटं आधीही देऊ लागले. दोन छोटे ठोके.

साहेब मला म्हणाले होते, "परवानगी आहे या सिनेमाला, पालकांबरोबर मुलं बसू शकतात. तुम्ही कोण ठरवणाऱ्या?" खरंच, मी कोण? ज्यांनी परवानगी दिली त्यांनी सिनेमा बघितला. मी मुलीचं तोंड बघितलं. मी कुणाला तिकीट नाकारलं का? कुणाला दारातून परत पाठवलं का? फक्त आत काय आहे ते सांगितलं. भाजी घेतानासुद्धा आपण विचारतो, कडू नाही ना?

आणि कुणी म्हणेल, म्हणजे इतिहास लपवायचा? अहो, ही किल्लेदाराची गोष्ट मी पाच वर्षांची असताना वडिलांकडून ऐकली. "शेवटपर्यंत त्याने दार उघडलं नाही," एवढं म्हणून ते उठायचे आणि पाणी प्यायला जायचे. पुढचं मला मोठेपणी कळलं, जेव्हा कळायला हवं होतं तेव्हा. म्हणून काय मी त्या किल्लेदाराला कमी मानते? तो दार उघडत नाही, तेवढ्यावरच मी आयुष्य काढलंय.

राहता राहिली सूनबाई. तिच्या पोटावर पाय द्यायचा मला काय अधिकार? म्हणून सकाळी चहा करता करता तिलाच विचारलं. म्हटलं, बोलू का मालक म्हणतात तसं? घरात कमावणारी तू एकटी उरणार आहेस. ती कप विसळत होती. म्हणाली, "आई, खोटं बोलून मला त्या खिडकीत बसवलंत, तर पोरांच्या तोंडाकडे मी कशी बघू? माझं बघेन मी." तेव्हा बातमीदार ताई, लिहून घ्या. कागद गैरसमजातून लागला नव्हता. समजून उमजून लावला होता, डिंक मीच खलला होता. हा सिनेमा घरातल्या सगळ्यांनी मिळून शेवटपर्यंत बघावा असा नाही. मालक, नोकरी तुमची आहे, हवी त्याला द्या. माझं तोंड मात्र मी बरोबर घेऊन जातेय.

बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. थोरल्या मालकांची मी ऋणी आहे, तुम्हा सगळ्यांची आहे. हे घड्याळ मी घरी नेणार नाही. बाकड्याच्या वर लावा, मुलांना किती वेळ उरला ते दिसू दे. आणखीही थोडं बोलायचं होतं, पण...

ऐकलीत? दोन ठोके. काकांनी घंटी दिली.

साहेब, जरा उठता का? बाकडं मोकळं करा. मुलं बाहेर येतायत.