धरायला जागा

(वारणानगरजवळचा मळा, २००९. धोंडुबाई लागणीसाठी, म्हणजे नवा ऊस लावण्यासाठी, उसाचं बेणं (कांड्या) तोडतायत. कोल्हापुरात संशोधन करणारी भाची संयोगिता शेजारी बसलीय.)

संयोगिता : दे की आत्ती कोयता. दोन कांड्या तरी तोडतो.

धोंडुबाई : गप बस. बोटं तोडून घेशील, मग तुझा बा माझ्या नावानं शिमगा करंल. तोंड का उतरलंय ते सांग आदी.

संयोगिता : उद्या सर माझा विषय बदलणार. अडीच वर्षं पाण्यात.

धोंडुबाई : आत्ता! काय घोळ घातलास?

संयोगिता : आपल्या पेशीत एक धागा असतोय, टीआरएनए. नवा तयार होतो तवा त्याच्या टोकाला फालतू शेपूट असतंय.

धोंडुबाई : उसाच्या शेंड्याला वाढं असतंय तसं.

संयोगिता : व्हय, तसंच. ते एक प्रथिन तोडतंय, एंझाइम म्हणतात. बरोबर एकाच जागी, कणभर हिकडं न्हाय का तिकडं न्हाय.

धोंडुबाई : मग तोडू दे की. तुझं काय अडलं?

संयोगिता : माझ्याकडं तोडतच न्हाय! एंझाइम तीनदा नवं केलं. सर म्हणतात, मेलंय ते, सोड नाद.

धोंडुबाई : आन् तू त्येला तोडायला काय देतीस? अख्खा ऊस?

संयोगिता : अख्खा धागा लय वाकडातिकडा गं. सोपं पडावं म्हणून नुसता तोडायच्या जागेजवळचा तुकडा दिला. जंतूंच्यातल्या एंझाइमला तेवढा पुरतोय, मग ह्येलाच काय धाड भरली?

धोंडुबाई : हां. हे बघ, ह्यो बोटभर तुकडा. कोंब फुटायचा डोळा न्हाय, पेर न्हाय. सांग, कुठं तोडू?

संयोगिता : कुठंबी तोड की.

धोंडुबाई : कुठंबी म्हणं! अगं, मी कोयत्याकडं बघतो का? कवाधरनं तुझ्याकडंच बघून बोलतोय न्हवं? डाव्या अंगठ्यानं डोळा चाचपायचा, तिथनं चार बोटं सोडायची, आन् हाणायचा. डोळाच न्हाय तर मोजू कुठनं?

संयोगिता : थांब थांब. परत सांग.

धोंडुबाई : परत काय? तोडायची जागा येगळी, धरायची जागा येगळी. धरायलाच काय दिलं न्हाईस तर माझाबी कोयता मेलाच म्हणायचा.

संयोगिता : आई शप्पत! आत्ती, त्या धाग्याला कोपर असतंय. आपल्या हातासारखं वळलेलं, तोडायच्या जागेपासनं लांब. एंझाइम तिथंच धरत असंल, आन् ते मीच छाटून टाकलंय!

धोंडुबाई : अडीच वर्षं शिकून कोपर छाटलंस? शाब्बास.

संयोगिता : निघालो मी. साडेचारची एसटी मिळंल. सरांच्या हातापाया पडून पंधरा दिवस मागतो.

धोंडुबाई : अगं, भाकरी तरी खाऊन जा! गेली बी.

* * *

संयोगिता : हॅलो, आत्ती? संयू बोलतोय. तोडलं! कोपरासकट अख्खा धागा दिला, आन् पंधरा दिवस संपायच्या आत, बरोबर जागी!

धोंडुबाई : वरडू नकोस, कान फुटला फोनवर. सर काय म्हणालं?

संयोगिता : विषय तोच ऱ्हायला. म्हणाले, कोपर धरत असंल हे सुचलं कसं?

धोंडुबाई : मग? माझं नाव न्हाय न्हवं सांगिटलंस?

संयोगिता : सांगितलं की. मग हातात पेन धरून म्हणाले, अंगठा कुठं ठेवतात म्हणालीस?

धोंडुबाई : पेनावर न्हाय कळायचं त्यास्नी. बरं, आयतवारी ये. मळ्याच्या वरच्या पट्टीत लागण हाय.

संयोगिता : येतो. बघत बसतो तुझ्याजवळ.

धोंडुबाई : बघत कशाला? कोयता तुझ्याकडं.